सिसिलीचं प्रस्थान

१

सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं सिसिलीला जात असू.

जात असू म्हणजे जेवणाच्या टेबलावर. एका बाजूला आमचे हे, गुणाकर, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. दुसऱ्या बाजूला मी. मधे टोस्टची बशी, माझा फोन आणि नातीनं नागपूरहून पाठवलेला नकाशा, ज्यावर चहाचे डाग पडून समुद्रात नवी बेटं तयार झाली होती.

मी चौथी पास आहे. आधीच सांगते, म्हणजे मागून कोणी फिस्‌कन हसायला नको. शाळा सुटली, वाचणं सुटलं नाही. हिंदी रेडिओवरून शिकले, इंग्रजी ह्यांच्या ऑफिसच्या टिपणांवरून, आणि आता सत्तरी उलटल्यावर इटालियन फोनवरून. आमच्या बालाघाट गावात इटालियन येणारी दुसरी बाई असेल तर तिनं यावं, चहा पाजीन.

सिसिली मीच निवडली. तिथे सिराकूसा नावाच्या गावात एक चर्च आहे, ते आधी ग्रीक देवीचं देऊळ होतं. देवी गेली, दुसरी मूर्ती आली, पण जुने खांब भिंतीत तसेच उभे आहेत. मला ते पाहायचं होतं. डोंगर खोदून केलेलं नाट्यगृह पाहायचं होतं. लिंबांच्या बागा, पांढरं ऊन, निळं पाणी. मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. वैनगंगेच्या पुरावर भागवलं.

"भात भेटते काय तिकडं?" हे विचारत.

"भेटते. गोळे करून तळतात."

"मंग जाऊ."

कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, "चारधाम सोडून कुठं निघाल्या, अहिल्याबाई?" मी म्हणायची, "चारधामातले देव ओळखीचे आहेत, रागावणार नाहीत."

नातीनं, देवश्रीनं, तिकिटं काढली, समुद्राकडे खिडकी असलेली खोली घेतली, व्हिसाचे कागद भरले. फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं ठरलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

२

तारीख ह्यांना पसंत नव्हती. पंचांगात त्या दिवशी काहीतरी आडवं येत होतं.

"प्रस्थान ठेवून टाकू," हे म्हणाले.

आमच्यात ही जुनी रीत. जायच्या दिवशी मुहूर्त नसला तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं एक कापड घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. शरीर घरात असलं तरी प्रवास सुरू. मग प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं वाटेत उचलायचं. घरी परत आणायचं नाही.

ह्यांनी स्वतःचं उपरणं काढलं आणि माझ्याकडे हात केला. "तुझं दे एखादं. ब्लाऊजपीस चालते."

"मुहूर्त तुमाले लागते. मले तिकीट पुरे आहे."

"दोघं चाललो, अन् गाठोडं एकाचंच?"

"तुम्ही व्हा पुढं. मी येतो पळत."

हे हसले. मीही हसले. मग गल्ली ओलांडून समोर गोदाबाईकडे आम्ही ते ठेवून आलो. तिचं माझं पटत नाही आणि एकमेकींशिवाय करमतही नाही. तिनं आतल्या कोनाड्यात गाठोडं ठेवलं, ह्यांना कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता भाऊजी निघाले."

"अन् मी?"

"तुमाले कोण थांबवते, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवश्रीचा फोन आला. "आजी, वीज़ा अटक गया है. कुठला तरी पेपर कमी आहे म्हणतात. डेट आगे करनी पड़ेगी."

मी चरफडले, दोन-चार शिव्या दिल्या, आणि ह्यांना सांगितलं. हे खुर्चीत बसले होते. ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "पण मी तर निघालो."

"बसा खाली. चहा ठेवतो."

हे बसलेलेच होते. ते मला स्वयंपाकघरात गेल्यावर लक्षात आलं.

३

त्या आठवड्यात मावठा लागला. आभाळ उघडेचना. घरभर ओल्या कपड्यांचा कुबट वास.

आमची मागची खोली उत्तरेकडे आहे. तिथे ऊन येत नाही, मे महिन्यातही नाही. पावसाळी दिवसांत मी तिथेच दोरी बांधून कपडे टाकते. पंख्याच्या वाऱ्यानं जेवढं सुकेल तेवढं.

त्या सकाळी दोरीवर हात फिरवत गेले. टॉवेल ओला, परकर ओला, उशीचा अभ्रा ओला. मग ह्यांचा सदरा.

तो कडक होता. पापडासारखा. आणि गरम. गच्चीवर उन्हाळ्यात दिवसभर राहिलेला कपडा जसा काढताना हाताला लागतो, तसा. पाठीवर पांढुरक्या रेषा उमटल्या होत्या, वाकड्यातिकड्या, जसं काहीतरी भिजून वाळावं.

मी भिणारी बाई नाही. बोट लावलं आणि चाटून पाहिलं. मीठ.

घामाचं असेल. पण मी स्वतः धुतला होता. साबण राहिला असेल. मोरीत जाऊन साबणही चाटून पाहिला. साबण साबणासारखाच लागला.

सदरा उचलून नाकाला लावला, तर एक वास आला जो मला ओळखता आला नाही. इतक्या वर्षांत या घराच्या आणि गावाच्या सगळ्या वासांना मी नावं दिली आहेत. त्याला नाव नव्हतं.

घडी घालून कपाटात ठेवला. कपाट दुपारपर्यंत कोमट होतं.

४

हे आता खुर्चीत जास्त झोपू लागले. टेबलावर नकाशा पसरला तरी येत नसत. मी हाका मारायची, "चला, आज नाट्यगृह पाहू," तर हे डोळे न उघडता म्हणत, "झालं पाहून."

मला वाटलं, तारीख पुढे गेली म्हणून रुसले.

एका सकाळी बाहेर पाऊस झिमझिमत होता. मी ह्यांना ताक द्यायला गेले. डावा कान लाल होता. मानही, कॉलरच्या रेषेपर्यंत. रेषेखाली नेहमीचा रंग, रेषेवर भाजलेला. धानाच्या रोवणीच्या दिवसात बांधावर उभं राहिलं की होते तशी मान. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. केस मात्र तापलेले होते.

"कुठं गेलते तुम्ही?"

"चढ फार आहे," हे म्हणाले. "दम लागते. खालून देवळापर्यंत दगडीच रस्ता आहे, बुळबुळीत."

"कोणत्या देवळापर्यंत?"

"खांबवाल्या."

मी इतके दिवस रोज वाचून दाखवत होते, तेच डोक्यात घोळत असणार. मी स्वतःला तसं बजावलं. माणूस म्हातारा झाला की ऐकलेलं आणि पाहिलेलं एक होतं.

ह्यांनी ताकाचा घोट घेतला. "अहिल्या म्हणते, सावलीसावलीनं चला."

"मी कधी म्हटलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. ह्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आहे, कंटाळून पाहिलं आहे, प्रेमानंही पाहिलं आहे. पण असं अदबीनं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही नाही हो, बाई," हे म्हणाले. "अहिल्या."

५

डॉक्टर पोरगेलासा होता. ह्यांना वार विचारला, विसापासून उलटे मोजायला लावले, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "भूलने की शुरुआत है, अम्मा. धूप-वूप का वहम भी होता है. घबराइए मत."

मी घाबरले नाही. उलट बरं वाटलं. आजाराला नाव असलं की त्याच्याशी भांडता येतं.

देवश्री फोनवर रडली. "आजी, ट्रिप कॅन्सल करून टाकू. मी शनिवारी येते."

"ये. पण रडत येऊ नको. इथं पाणी पुष्कळ पडून राह्यलं."

घरी आल्यावर मी माझी परीक्षा घेतली, म्हणजे ह्यांची. सिलिंडर कधी बदलला? बरोबर सांगितलं. लालबर्‍याला बदली झाली तेव्हा घरमालक कोण होता? त्याचं नाव, त्याच्या म्हशीचं नाव, दोन्ही सांगितलं. माझ्या आईचं नाव? सांगितलं. मुलगा कसा गेला, कोणत्या दवाखान्यात, त्या दिवशी कोणी काय म्हटलं, सगळं. काहीही विसरले नव्हते. आमच्या संसाराची एकेक वस्तू जागेवर होती. फक्त त्यात मी नव्हते. जिथे मी असायला पाहिजे तिथे अहिल्या होती, आणि ती दुसरीकडे होती.

"मीच अहिल्या आहो," मी म्हटलं. मग ओरडून म्हटलं.

हे अवघडले. शेजारच्या बाईनं भलतंच काही बोलावं आणि आपण ते ऐकलंच नाही असं दाखवावं, तसे खाली पाहू लागले. "तुम्ही घर चांगलं ठेवलं बाई," हे हळूच म्हणाले. "अहिल्या परत आली की सांगतो तिले. कोणी एवढं करत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कशी दिसते तुमची अहिल्या? काय नेसली आहे?"

ह्यांचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. "हिरवी. जरीकाठाची. उन्हात काठ चमकते तिचा."

ती साडी मी प्रवासासाठी इस्त्री करून ठेवली होती. तिथल्या बायांना दाखवायची म्हणून. मी धावत कपाटाकडे गेले. साडी जागेवर होती. घडी माझीच, कापराचा वास माझाच, कापड गार. मी तिथेच पलंगावर टेकले आणि मोकळा श्वास घेतला.

मग विचार आला. म्हणजे ती माझी नेसली नव्हती. तिच्याजवळ तिची होती.

६

त्या दुपारी मी निर्णय घेतला. देव, मुहूर्त, रीत यांवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस निघाला असं धरायला जर एक गाठोडं पुरतं, तर परत आला असं धरायलाही पुरलं पाहिजे. हिशोब हिशोबासारखा. मला माझा नवरा परत पाहिजे होता. विसरभोळा, चिडका, कसाही, पण माझ्याकडे पाहून मला अहिल्या म्हणणारा.

छत्री घेऊन गल्ली ओलांडली. गोदाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"गाठोडं दे."

तिनं सूप खाली ठेवलं. "काहून? काल तर तुम्हीच म्हणाल्या राहू द्या."

"काल मी आलीच नाही."

"आलत्या ना, बाई. आंगणात उभ्या होत्या. मी म्हटलं आत या, तर हसल्या. हिरवी साडी चांगली दिसते तुमाले, मी तर म्हणणार होती, पण म्हटलं आणखी शेफारसान."

"गोदाबाई, कुठं उभी होती मी?"

"तिथं. त्या उन्हात."

आम्ही दोघींनी आंगणाकडे पाहिलं. चिखल, पागोळ्या, काळं आभाळ. चार दिवसांपासून कोणाच्याच आंगणात ऊन पडलं नव्हतं.

गोदाबाई आत गेली, कोनाड्यातून गाठोडं आणलं आणि पदरात धरूनच माझ्या हातात दिलं, जसं चुलीवरचं भांडं देतात. मी तिथेच सोडून पाहिलं. ह्यांचं उपरणं. तांदूळ, सुपारी, हळकुंड. कमी नाही, जास्त नाही. काही वेगळं निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"परत नेऊ नका म्हणतात," गोदाबाई म्हणाली. "पण नेलं, तर माणूस वाटेतून वळते. माह्या सासूनं सांगितलं होतं."

"मंग चांगलंच आहे."

"हौ. पण त्याच्यासंगं कोणी असलं तर?"

"तर काय?"

"ते तिनं नाही सांगितलं."

७

घरात शिरले आणि पुढच्या दाराला कडी घातली. हे मागच्या खोलीच्या दाराजवळ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी गाठोडं ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

आधी काही झालं नाही. मग ह्यांच्या मानेवरची लाली उतरू लागली, जशी दिवा लांब नेल्यावर भिंतीवरची उतरते. ओठ काळपट पडले. दात वाजायला लागले. ते कुडकुडत होते, आणि मला आनंद झाला, कारण घरात थंडी होती आणि थंडी वाजणारा माणूस घरात असतो.

ह्यांनी डोळे उघडले. "अहिल्या!" अशी हाक मारली. घाबरलेल्या लेकरासारखी.

"हौ," मी म्हटलं.

"हौ," मागच्या खोलीतून आलं.

एकाच वेळी. मला वाटलं घुमलं असेल. पण घुमलेला आवाज मागून येतो, बरोबर येत नाही. आणि तो माझा आवाज होता. आपल्याला आतून ऐकू येतो तसा नाही. फोनवर स्वतःचं बोलणं परत लावलं की परका वाटतो ना, तसा. लोकांना ऐकू येणारा माझा आवाज.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्याखाली रेघ होती. पांढरी, चुन्यासारखी. इकडे छपरावर पाऊस वाजत होता आणि ती रेघ हलत नव्हती.

हे उठू लागले. मी ह्यांचं डावं मनगट पकडलं.

तेवढ्यात दार उघडलं. फार नाही, वीतभर. फरशीवर ऊन पसरलं, माझ्या पायांपर्यंत आलं आणि पाय भाजले. वाराही आला. त्याला कशाचा वास होता ते मी सांगणार नाही, कारण समुद्र मी पाहिलेला नाही आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी देत नाही. पाहिलं ते एवढंच: हिरव्या साडीचा काठ. त्याखाली एक पाय. टाच भेगाळलेली, डाव्या अंगठ्याचं नख माझ्यासारखंच जाडजूड. तो पाय तिथे अनोळखी घरात उभं राहावं तसा उभा नव्हता. दुपारचं आवरून झाल्यावर नवऱ्याची वाट पाहत दारात उभं राहतात, तसा होता. जरा कंटाळलेला.

ह्यांचा उजवा हात उचलला गेला. दाराच्या फटीतून कोपरापर्यंत पलीकडे गेला. तेवढा भाग उन्हात आहे आणि त्याच्यावरचे केस सोन्यासारखे दिसतात.

तेव्हापासून आम्ही असेच आहोत. टेबल हाताशी होतं. नकाशा ओढून घेतला आणि त्याच्या पाठीवर हे लिहिते आहे. अक्षर वाकडं येतं, कागद धरायला दुसरा हात नाही. गोदाबाई पुढचं दार धडधडा वाजवून राह्यली. फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला, देवश्री असेल. कडी काढायला जायचं तर मनगट सोडावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

हे मधे उभे आहेत. मी म्हटलं, "इकडं पाहा." ह्यांनी पाहिलं नाही. तिकडेही पाहत नाहीत. वर छताकडे पाहत आहेत, दोघींपैकी कोणाला वाईट वाटू नये म्हणून. हा स्वभाव ह्यांचा जुना आहे, आणि तो पाहून मला रडू आलं, कारण हे नक्कीच तेच आहेत.

उजवा हात हवेत सरळ आहे. एवढ्या वेळात तो खाली आला नाही, थरथरला नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात असा राहत नाही. कोणीतरी तोलून धरल्याशिवाय राहत नाही.

बोटं सुन्न झाली. खांद्यापासून कळ येते आहे. तरी मी सोडत नाही.

तिचाही खांदा दुखत असेल. तीही सोडत नाही.